आजीचे दोन नाताळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मी ४४ वर्षांची. माहेर कोल्हापूर, सध्या पुण्यात. माझ्या वडिलांची आई पोलिश. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीत आली तेव्हा ती १६ वर्षांची होती. १९४७ मध्ये आजोबांशी लग्न झालं. तिची आई आणि धाकटा भाऊ पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले, ती इथेच राहिली. आमच्यासारखंच कोल्हापुरी बोलायची. २००९ मध्ये गेली. वडील जंगलखात्यात होते आणि रशियात वारले, याहून जास्त तिने कधी सांगितलं नाही.

मुलीच्या हट्टापायी मी डीएनए चाचणी केली. १७ टक्के 'पूर्व युरोप', ६ टक्के 'अश्केनाझी ज्यू', २ टक्के 'बाल्टिक', बाकी सगळं दक्षिण आशिया. पोलंडचं नाव कुठेच नाही. मग आत्याने आजीचा पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात आजीचा बाप्तिस्म्याचा दाखला निघाला, तो ग्रीक कॅथलिक चर्चचा. तिच्या भावाचा दाखला मात्र रोमन कॅथलिक. जन्मगाव स्तानिस्वावूवजवळचं, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं. आजीचं माहेरचं आडनाव 'चुक'ने संपतं आणि ते म्हणे युक्रेनियन असतं. मग ती आयुष्यभर स्वतःला पोलिश का म्हणवत होती? भाऊ सावत्र होता का? ती ज्यू होती आणि तिने लपवलं का? वडील ७२ वर्षांचे आहेत, म्हणतात, "आई गेली, आता तिची उलटतपासणी नको." आत्याला हे सगळ्या नातेवाइकांना सांगायचं आहे. १९ वर्षांच्या मुलीला पोलंडमध्ये शिकायचं आहे, ती विचारते, "आपण पोलिश आहोत की नाही?" तिला काय सांगू? (आजी २४ डिसेंबरला आम्हा सगळ्यांना जेवू घालायची आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा दिवा लावून एकटीच बसायची. आम्हाला वाटायचं, वयामुळे विसरते.)

उत्तर

तुमच्या पत्रात चाचणीच्या आकड्यांना मानाची जागा मिळाली आहे आणि जानेवारीतला दिवा कंसात गेला आहे. मी उलट्या क्रमाने जाते, कारण मला विचाराल तर तुमच्याकडचा सगळ्यात बोलका पुरावा तो दिवाच आहे.

आजीचं गाव पूर्व गॅलिशियातलं. हा मुलूख १७७२ पासून १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, दोन महायुद्धांच्या मधे पोलंडकडे, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत युक्रेनमध्ये आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये. स्तानिस्वावूव शहराचं नावही १९६२ मध्ये बदलून इव्हानो-फ्रँकिव्हस्क झालं. इथल्या कित्येक गावांत दोन कॅथलिक चर्च असायची. रोमन चर्चमध्ये लॅटिन उपासना चाले आणि तिथे जाणारे बहुतेक पोलिशभाषक असत. ग्रीक कॅथलिक चर्च पोपलाच मानणारं, पण त्याची उपासना पूर्वेकडच्या पद्धतीची, धर्मगुरू लग्न झालेला असू शकतो, आणि सणवार तेव्हा जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे असत. विसाव्या शतकात ते पंचांग १३ दिवस मागे होतं. म्हणून रोमन घरात नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण २४ डिसेंबरला होई, ग्रीक कॅथलिक घरात ६ जानेवारीला, आणि मिश्र घरात दोन्ही दिवशी. तुमची आजी काही विसरत नव्हती. पहिला नाताळ तिने तुम्हाला दिला, दुसरा स्वतःपाशी ठेवला.

आता भावाचं कोडं. दोन्ही पंथांत लग्नं इतकी सर्रास होत होती की मुलांवरून चर्चची भांडणं लागत. रोमच्या संमतीने १८६३ मध्ये त्यावर एक तोडगा ठरला: मिश्र लग्नातले मुलगे वडिलांच्या पंथात आणि मुली आईच्या. तुमच्या पणजोबांचा पंथ रोमन आणि पणजीचा ग्रीक असेल, तर एकाच आईबापांच्या दोन मुलांचे दाखले वेगवेगळ्या चर्चचे निघणारच. त्यावरून भाऊ सावत्र ठरत नाही. दोन्ही दाखल्यांवर आईचं माहेरचं नाव एकच आहे ना, एवढं पाहा.

हे तुमच्याच घरात घडलं असं समजू नका. आंद्रेय शेप्तित्स्की हे १९०१ पासून १९४४ मध्ये मृत्यू होईपर्यंत लव्हिवचे ग्रीक कॅथलिक महाधर्माध्यक्ष होते, युक्रेनियन लोकांचे मोठे पुढारी. त्यांचे सख्खे भाऊ स्तानिस्वाव हे पोलिश सैन्यातले जनरल आणि काही काळ पोलंडचे युद्धमंत्री. उत्तरेकडे लिथुआनियाच्या बाजूला पाहिलं तर गाब्रिएल नारुतोविच १९२२ मध्ये पोलंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या भावाची सही १९१८ च्या लिथुआनियाच्या स्वातंत्र्यघोषणेवर आहे. या भावांपैकी खरा कोण आणि खोटा कोण, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगणार? त्या पट्ट्यात राष्ट्रीयत्व ही पुष्कळदा माणसाने घेतलेली भूमिका असे. शाळा, चर्च, नोकरी, लग्न, कधी एखाद्या शिक्षकाचा प्रभाव, यांतून ती ठरे. कधी ती बदलेही.

सरकारलाही हे मोजता येत नव्हतं. पोलंडच्या १९२१ च्या जनगणनेत राष्ट्रीयत्व विचारलं होतं. १९३१ मध्ये तो प्रश्नच गाळला आणि मातृभाषा व धर्म विचारले. तेव्हा पोलेसी प्रांतात सात लाखांहून जास्त लोकांच्या नावापुढे 'इथलीच' अशी भाषा नोंदली गेली. त्या नोंदीमागे सरकारी राजकारणही होतं, पण अशी नोंद होऊ शकते यातच पुष्कळ काही आलं. बेळगाव-निपाणीकडच्या ज्या घरांत बाप सातबारा कानडीत वाचतो आणि आई ओव्या मराठीत म्हणते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग आजी आयुष्यभर 'पोलिश' का म्हणत राहिली? तुम्ही याला लपवाछपवी समजता आहात. त्या काळातली कागदपत्रं कशी तयार होत होती, ते आधी बघा.

१७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. १० फेब्रुवारी १९४० ला हद्दपारीची पहिली मोठी लाट आली. सुमारे १ लाख ४० हजार माणसं मालगाडीच्या डब्यांत भरून उत्तर रशिया आणि सायबेरियाकडे पाठवली गेली. त्या यादीत दोन गट मुख्य होते: पूर्वेकडे जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि जंगलखात्याचे नोकर, कुटुंबकबिल्यासकट. तुमचे पणजोबा जंगलखात्यात होते आणि रशियात वारले, हे आजीचं एक वाक्य तारखेपर्यंत पोचवणारं आहे. बहुधा याच लाटेत ते घर उचललं गेलं.

जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर चित्र फिरलं. ३० जुलै १९४१ च्या करारानंतर स्टालिनने पोलिश नागरिकांना 'माफी' दिली. गुन्हा कोणता, ते विचारू नका. जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं आणि हजारो कुटुंबं त्याच्या मागोमाग दक्षिणेला, उझबेकिस्तानकडे निघाली. पण १ डिसेंबर १९४१ ला सोव्हिएत सरकारने कळवलं की या पूर्वेकडच्या प्रदेशातल्या लोकांपैकी पोलिश वंशाच्या माणसांनाच पोलिश नागरिक मानलं जाईल. युक्रेनियन, बेलारूसी आणि ज्यू हे सोव्हिएत प्रजाजन ठरले. १९४२ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार सैनिक आणि नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले. त्या बोटीवर चढायचं तर यादीत 'पोलिश' असावं लागत होतं. वडील गमावलेल्या, १५ वर्षांच्या, आई आणि धाकट्या भावाबरोबर निघालेल्या मुलीचा पंथ ग्रीक कॅथलिक असेल आणि तिने विचारणाऱ्याला नुसतं 'पोलिश, कॅथलिक' असं सांगितलं असेल, तर त्यात खोटं काहीच नव्हतं. कायद्याने ती पोलिश नागरिक होतीच. वडील पोलिश सरकारचे नोकर होते. आणि कॅथलिक तर ती होतीच होती.

इराणहून कराचीमार्गे वळिवडे. तिथे सुमारे ५ हजार माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारच्या छत्राखाली पोलिश शाळा, चर्च, दवाखाना, स्काउट पथकं चालत. आजीची घडणीची वर्षं या वातावरणात गेली. त्याच सुमारास, १९४३-४४ मध्ये, व्होलिनिया आणि पूर्व गॅलिशियात युक्रेनियन बंडखोर सैन्याने पोलिश वस्त्यांवर केलेल्या हत्याकांडांत हजारो माणसं मेली, आणि उलट सूडही उगवला गेला. छावणीतल्या बायकांचे नातेवाईक त्याच गावांत मागे राहिले होते. अशा वेळी आईच्या बाजूचा पंथ चारचौघांत न मिरवणं यात मला तरी फसवणूक दिसत नाही. पण हा माझा अंदाज आहे. आजीच्या मनातलं मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही तिच्या वतीने कबुलीजबाब लिहू नका.

आडनावाचं लवकर उरकते. 'चुक' किंवा 'युक'ने संपणारी आडनावं युक्रेनियन प्रदेशात खूप, हे खरं. पण ती वाहणारी कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या पोलिश बोलतात, आणि '-स्की'वाले कितीतरी युक्रेनियन आहेत. शेप्तित्स्की हेच आडनाव बघा ना. आडनावावरून फार तर कुठल्या पट्ट्यात शोधायचं ते कळतं.

आता आकडे. एका आजीकडून नातवंडाला सरासरी २५ टक्के वारसा येतो, थोडा कमी-जास्त. तुमचे १७, ६ आणि २ मिळून बरोबर २५ होतात. म्हणजे चाचणीने पहिली गोष्ट ही सांगितली की आजी तुमची सख्खी आजी आहे, आणि तेवढं तुम्हाला आधीच माहीत होतं. 'पोलंड' असं वेगळं लेबल नाही, कारण पोलिश, युक्रेनियन आणि बेलारूसी लोकांचे जनुकीय नमुने एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की टक्केवारीच्या पातळीवर त्यांना वेगळं काढणं अवघड असतं. कंपन्या आपले नकाशे अधूनमधून सुधारतात, तेव्हा पुढच्या वर्षी तुमचे १७ टक्के वेगळ्या नावाने दिसले तरी आजी बदलली असं समजू नका. २ टक्के 'बाल्टिक'चा तर विचारही करू नका. एवढा छोटा आकडा गाळणीतल्या गाळासारखा असतो.

६ टक्के अश्केनाझी मात्र गंभीरपणे घ्यावा असा आकडा आहे. पूर्व युरोपातले ज्यू शतकानुशतकं आपापसांत लग्नं करत आले, त्यामुळे त्यांचा ठसा चाचणीत बराच स्पष्ट उमटतो. खापरपणजोबांच्या पिढीतल्या एका पूर्वजाकडून सरासरी सव्वासहा टक्के येतात. म्हणजे आजीच्या चार आजी-आजोबांपैकी कुणी एक ज्यू कुळातला असावा, अशी शक्यता ठळक आहे. आजी स्वतः ज्यू होती आणि तिने ते लपवलं, हा निष्कर्ष यातून निघत नाही. ते तिला माहीत तरी होतं का, हेही यातून कळत नाही.

या एका पूर्वजाचा माग काढता येण्याजोगा आहे, कारण कायदाच तसा होता. ऑस्ट्रियाच्या १८११ च्या नागरी संहितेप्रमाणे ख्रिस्ती आणि बिगर-ख्रिस्ती यांचं लग्न वैध होत नसे. आजीचा जन्म १९२७ चा धरला तर तिच्या आजी-आजोबांची लग्नं ऑस्ट्रियाच्या अमलातच झाली असणार. म्हणजे एक तर ज्यू जोडीदाराने आधी बाप्तिस्मा घेतला आणि प्रौढ माणसाच्या बाप्तिस्म्याची नोंद राहिली, किंवा लग्न झालंच नाही आणि मूल अनौरस म्हणून नोंदलं गेलं. गॅलिशियातल्या चर्चच्या वह्यांत औरस-अनौरस असा रकानाच असे.

तेव्हा चाचणीच्या निकालापेक्षा तो दाखला पुन्हा हातात घ्या. गॅलिशियातल्या लॅटिन नोंदींत बहुतेकदा आईवडिलांच्या नावांपुढे त्यांच्या आईवडिलांचीही नावं येतात, शिवाय घर क्रमांक, सुईण आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार. तुम्ही वरचं शीर्षक वाचून थांबला असाल. त्या कागदावर आजीच्या चारही आजी-आजोबांची नावं असण्याची बरीच शक्यता आहे. दाखला संक्षिप्त असेल, तर मूळ वहीतल्या पूर्ण नोंदीची प्रत मागवावी लागेल.

तशी शोधाशोध करणाऱ्या इतरांसाठीही थोडं सविस्तर लिहिते, कारण वळिवडे, जामनगरजवळचं बालाचडी किंवा पाचगणी इथल्या पोलिश निर्वासितांशी नातं सांगणारी पत्रं अधूनमधून येतात. सुरुवात घरापासून. फोटोंच्या मागे काय लिहिलं आहे ते बघा. रेशनकार्ड, लग्नाची नोंद, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव कसं लिहिलं आहे, तेही बघा. पोलिश आडनाव स्त्रीचं आणि पुरुषाचं वेगळं दिसू शकतं: कोवाल्स्कीची बहीण कोवाल्स्का. जुन्या रीतीत अविवाहित मुलीच्या आडनावाला 'ऊव्ना' लागे आणि विवाहितेच्या 'ओव्हा'. इंग्रज अधिकाऱ्यांनी कानावर पडेल तसं लिहिलं, त्यामुळे एकाच माणसाची चार-पाच स्पेलिंग करून शोधा. गावाचं नुसतं नाव पुरत नाही. दोंब्रोवा नावाची गावं पोलंडमध्ये डझनांनी सापडतील. तालुका आणि प्रांत लागतोच.

यानंतर सोव्हिएत दडपशाहीला बळी पडलेल्यांची पोलंडने तयार केलेली सूची, 'इंडेक्स रेप्रेस्योनोवानिख', इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. त्यात नाव, वडिलांचं नाव आणि जन्मवर्ष यांवरून हद्दपारीची नोंद सापडू शकते. तुमच्या घराच्या बाबतीत मी पहिल्यांदा इथे पाहीन, कारण पणजोबांचं नाव मिळालं तर १९४० पासूनचा धागा हाताला लागतो. छावणीच्या काळासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आणि लंडनची पोलिश इन्स्टिट्यूट अँड सिकोर्स्की म्युझियम या दोन्ही ठिकाणी विचारावं. भारतातल्या छावण्यांत वाढलेल्या पोलिश लोकांनी पुढे स्वतःची संघटनाही काढली आणि आठवणी, फोटो, याद्या जमवल्या. त्या मंडळींच्या मुलानातवंडांशी संपर्क झाला तर एखाद्या वर्गाच्या फोटोत आजी सापडायचीसुद्धा.

चर्चच्या वह्या विखुरल्या आहेत. पूर्वेकडच्या रोमन कॅथलिक वह्यांचा मोठा साठा वॉर्सातल्या प्राचीन कागदपत्रांच्या मुख्य अभिलेखागारात आहे, आणि त्याच इमारतीत त्या भागातल्या ज्यू नोंदवह्याही आहेत. ग्रीक कॅथलिक वह्यांपैकी बऱ्याच लव्हिव आणि इव्हानो-फ्रँकिव्हस्कच्या सरकारी अभिलेखागारांत आहेत. २०२२ पासूनच्या युद्धामुळे तिकडून उत्तर यायला वेळ लागतो, धीर धरा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर काही वह्यांची छायाचित्रं मिळतात. 'गेनेतेका' ही पोलिश वंशावळी संशोधकांनी कष्टाने भरलेली सूचीही फुकट आहे. लॅटिनची भीती बाळगू नका. रकाने ठरलेले असतात, पंधरा-वीस शब्द शिकलात की वही वाचता येते. तुमच्या मुलीला हे काम फार आवडेल असं मला वाटतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मागे राहिलेले नातेवाईक युक्रेनमध्येच शोधले जातात. १९४४ ते १९४६ या काळात पूर्वेकडचे दहा लाखांहून जास्त पोलिश लोक नव्या पोलंडमध्ये हलवले गेले. त्यातले पुष्कळ व्रोत्सवाफ आणि ओपोलेच्या बाजूला, जर्मनांनी रिकाम्या केलेल्या घरांत वसले. आजीच्या वडिलांकडची माणसं तिथे असू शकतात. आईकडची कदाचित युक्रेनमध्येच. दोन्ही दिशांनी शोधा.

ज्यू बाजूचं शोधताना मन घट्ट करून बसा, आणि मुलीलाही आधी सांगा. १२ ऑक्टोबर १९४१ या एका दिवशी स्तानिस्वावूवमध्ये सुमारे दहा हजार ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. चाचणीच्या संकेतस्थळावर तुम्हाला शेकडो दूरचे ज्यू नातेवाईक दिसतील. आपापसातल्या लग्नांमुळे ते असतात त्याहून जवळचे वाटतात, तेव्हा प्रत्येकाला 'आपण चुलत भावंडं' असं लिहू नका.

मुलीच्या प्रश्नाकडे येते. 'आपण पोलिश आहोत की नाही' हा प्रश्न आपल्याकडच्या सवयीतून येतो. कूळ कोणतं, देवक कोणतं, एकदा कळलं की माणूस कळला. टक्क्यांचा तक्ता त्याच सवयीला नवं यंत्र देतो. पोलंडचा कायदा मात्र वेगळंच विचारतो. २००७ च्या कायद्याने 'कार्ता पोलाका' नावाचं ओळखपत्र सुरू झालं, आणि २०१९ पासून ते जगभरच्या पोलिश वंशाच्या लोकांना खुलं झालं. त्यासाठी आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी एक, किंवा पणजी-पणजोबांपैकी दोघं पोलिश राष्ट्रीयत्वाची वा नागरिकत्वाची असावी लागतात. पण तेवढ्याने भागत नाही. पोलिश भाषा निदान जुजबी यायला हवी, परंपरांशी नातं दाखवायला हवं, आणि पोलिश वाणिज्यदूतासमोर आपण त्या राष्ट्राचे आहोत असं लेखी सांगावं लागतं. तुमच्या घरात याचा अर्थ असा की तुम्ही, आजीची नात म्हणून, अर्जाचा विचार करू शकता. मुलीला पणजीच्या बाजूने एकच पूर्वज मिळतो, त्यामुळे तिचं थेट जमणार नाही. डीएनएचा कागद यात कुठेच लागत नाही. आधी भाषा शिका, मग मनापासून ते विधान करता येतं का ते स्वतःला विचारा. नसेल येत तर अर्ज करू नका, त्यात काही बिघडत नाही.

नागरिकत्वाची आशा कुणी दाखवली असेल तर जपून. पोलंडच्या १९२० च्या कायद्याखाली लग्नामुळे परक्या देशाचं नागरिकत्व मिळालेल्या बाईचं पोलिश नागरिकत्व जाई. आजीच्या बाबतीत नेमकं काय झालं हे लग्नाची तारीख, आजोबांचं तेव्हाचं प्रजाजनत्व आणि तुमच्या वडिलांचा जन्म यांवर ठरेल. मुंबईतल्या पोलिश वाणिज्य दूतावासाला कागद दाखवल्याशिवाय कुणा दलालाला पैसे देऊ नका. शिवाय भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. आणि पोलंडमध्ये शिकायला तुमच्या मुलीला पणजीची गरजच नाही. तिथे पुष्कळ भारतीय विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर शिकतात. तिने जावं, हवं तर सुट्टीत ओपोलेला जाऊन यावं. पणजीमुळे जायलाच हवं असं ओझं मात्र तिच्यावर घालू नका. आणि 'आपण कोण' याचं उत्तर एकाच शब्दात द्यावं असंही नाही. खुद्द पोलंडच्या जनगणनेत २०११ पासून माणसाला दोन ओळखी नोंदवता येतात.

राहिले वडील. ते उलटतपासणी म्हणतात, आणि तुमच्या पत्रातले प्रश्न खरंच तसे आहेत: का लपवलं, भाऊ सख्खा का, ज्यू होती का. त्यांची आई गेली आहे आणि तिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही, म्हणून ते आडवे येतात. त्यांना आधी दुसऱ्या नाताळचं सांगा. तो का होत होता, एवढंच. मग गप्प बसा आणि ते काय आठवतात ते ऐका. जमलं तर फोनवर ध्वनिमुद्रण करा, विचारून. जनुकीय चाचणीच्या दृष्टीने त्यांचा नमुना तुमच्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, कारण त्यांच्यात आजीचा अर्धा वारसा आहे. फक्त आईकडूनच मुलांत उतरणारी मायटोकाँड्रियल रेघ, म्हणजे आजीच्या आईकडून आलेली, तीही त्यांच्यात आणि आत्यात आहे, तुमच्यात नाही. पण ते नको म्हणाले तर नको. आत्या तयार असेल तर तिचा नमुना तितकाच चालेल, आणि त्यासाठी वडिलांची समजूत काढत बसावं लागणार नाही.

नातेवाइकांना सांगायचं की नाही, यावर आत्याला माझा निरोप: जे कागदावर आहे तेवढं सांगा. दोन पंथ, दोन सण, हद्दपारी, वळिवडे. हे कुणालाही अभिमानाने सांगावं असंच आहे. ज्यू पूर्वजाची गोष्ट मात्र नाव सापडेपर्यंत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. अर्धवट माहितीवर तिथे काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

एक काम याच महिन्यात करा. आजीच्या भावाची मुलं, म्हणजे तुमच्या वडिलांची मामेभावंडं, इंग्लंडमध्ये असतील. त्यांचा पत्ता डब्यातल्या जुन्या पाकिटांवर मिळेल. १९४८ च्या सुमारास तिथे पोचलेल्या पोलिश माणसांची परकीय म्हणून पोलिसांकडे नोंद होई आणि जन्मगाव-राष्ट्रीयत्व लिहिलेली नोंदपुस्तिका मिळे. ती कित्येक घरांनी जपून ठेवली आहे. तुमच्या पणजीचीही असू शकते, आणि पणजीने स्वतःला काय म्हणवलं ते तिच्यात वाचायला मिळेल. पहिल्या पत्रात चाचणीचा उल्लेख नको. कोल्हापूरचे दोन फोटो जोडा, आजी २००९ मध्ये गेली हे कळवा, आणि त्यांच्याकडे वळिवड्याचे काही फोटो आहेत का, एवढंच विचारा.